सुईचा माग : लालाग्रंथींच्या अर्बुदांतील परीक्षाजन्य ऊतकहानी

परीक्षणासाठी हाती घेतलेली वस्तू परीक्षणामुळेच थोडीबहुत बदलते, ही अडचण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवी नाही. बोलीचा अभ्यासक वही उघडून खंडाळ्याच्या एखाद्या पारावर जाऊन बसला, की एरवी ‘पानी’, ‘लोनी’ असे सहज उच्चारणारा मनुष्य ‘पाणी’, ‘लोणी’ म्हणू लागतो. आणि अभ्यासकाच्या टिपणात जी बोली उतरते ती त्या मनुष्याची घरची बोली नसून पाहुण्यासमोरची बोली असते. (हे खंडाळे सातारा जिल्ह्यातील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे, लोणावळ्याशेजारचे नव्हे.) अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1972 साली या पेचाला ‘निरीक्षकाचा विरोधाभास’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या शास्त्रात हा पेच फार तर एखाद्या प्रबंधास बाध आणतो. विकृतिविज्ञानात मात्र तोच पेच एखाद्या रुग्णाचा चेहरा वाकडा करू शकतो. वैद्यकीय परिभाषेचा अभ्यास करीत असता हा विषय प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आला, आणि परिभाषेपेक्षाही त्यातील पुराव्याचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांपुढे मांडण्याजोगा वाटला. विकृतिविज्ञानाच्या जाणकारांस काही विधाने स्थूल वाटतील. तो दोष विषय परक्या शास्त्रातील वाचकांपर्यंत नेताना काही अंशी अटळ होय.

आधी ग्रंथींविषयी. मनुष्यास मोठ्या लालाग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानाच्या पुढे व खाली पसरलेली अनुकर्ण ग्रंथी, खालच्या जबड्याच्या आतल्या अंगास असलेली अधोहनू ग्रंथी आणि जिभेखालची अधोजिव्हा ग्रंथी. यांखेरीज ओठ, गाल, टाळू येथील अस्तरात शेकडो सूक्ष्म ग्रंथी विखुरलेल्या असतात. बोलीत या सर्वांस मिळून स्वतंत्र नाव नाही. ‘लाळ’ आहे, लाळ गळते, लाळ घोटली जाते, गुरांना लाळ्या-खुरकूत होतो. परंतु लाळ जेथून येते त्या अवयवास लोकांनी नाव दिलेले नाही, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. दिसू लागतो तो सुजल्यावरच, आणि मग त्यास ‘गालगुंड’ किंवा नुसते ‘गाठ’ म्हणतात. ‘कानाखाली गाठ उठली’ हे वाक्य खंडाळा, शिरवळ, लोणंद या पट्ट्यातील कोणीही डॉक्टरांपुढे ज्या अर्थाने उच्चारील, त्यात गालगुंडापासून क्षयाच्या गाठीपर्यंत आणि निरुपद्रवी अर्बुदापासून कर्करोगापर्यंत सर्व काही सामावलेले असते. त्यांतून नेमके काय ते निवडणे हेच निदानाचे काम.

या ग्रंथींच्या अर्बुदांचा हिशेब थोडा चमत्कारिक आहे. सुमारे चार पंचमांश अर्बुदे अनुकर्ण ग्रंथीत उद्भवतात आणि त्या अर्बुदांपैकीही सुमारे चार पंचमांश सौम्य असतात. ग्रंथी जसजशी लहान, तसतसे तीतील अर्बुद मारक असण्याचे प्रमाण वाढत जाते. अधोजिव्हा ग्रंथीतील गाठ म्हणजे बहुधा कर्करोगच. सौम्य अर्बुदांत पहिला क्रमांक बहुरूपी अर्बुदाचा, ज्यास पूर्वी मिश्र अर्बुद म्हणत. दुसरा वॉर्थिनच्या अर्बुदाचा. हे दोन्ही प्रकार या लेखात पुनःपुन्हा येतील.

अनुकर्ण ग्रंथीविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी आनन तंत्रिका या ग्रंथीच्या अंतर्भागातून जाते आणि तेथेच तिला शाखा फुटतात. पापणी मिटणे, कपाळ आकसणे, ओठ आवळून पाण्याचा घोट घेणे ही सारी कामे तिची. अर्बुद सौम्य असेल तर शल्यचिकित्सक ही तंत्रिका एकेक शाखा जपत गाठ सोडवून घेतो. अर्बुद मारक असेल आणि त्याने तंत्रिकेस वेढले असेल, तर तिचा भाग कापून काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तंत्रिका गेली की त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तोंडाचा कोपरा ओघळतो, पाणी पिताना बाहेर सांडते. शिवाय कर्करोग ठरला म्हणजे मानेतील लसीका ग्रंथी काढणे, किरणोपचार करणे या गोष्टीही मागोमाग येतात. सौम्य की मारक, हा शब्दांचा वाद नाही, हे यावरून ध्यानात यावे.

तो निर्णय शस्त्रक्रियेपूर्वी व्हावा म्हणून सुईची परीक्षा आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी 1930 साली सुईने अर्बुदातील पेशी ओढून घेण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांची सुई 18 क्रमांकाची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची होती. अमेरिकेत ही रीत तेव्हा फारशी रुजली नाही. तिला खरा आश्रय मिळाला तो स्वीडनमध्ये, स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत; सिक्स्टेन फ्रान्झेन, योसेफ झायिचेक प्रभृतींनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत बारीक सुई वापरून ती शास्त्रशुद्ध केली, आणि लालाग्रंथी हे त्यांच्या कामाचे एक प्रमुख क्षेत्र होते. आज वापरतात ती सुई साधारणतः 22 ते 25 क्रमांकाची असते. क्रमांक वाढला की जाडी कमी होते; 22 क्रमांकाची सुई सुमारे 0.7 मिलिमीटर, तर 25 क्रमांकाची अर्धा मिलिमीटर. पेशींऐवजी ऊतकाची अखंड सळी हवी असेल तर 14 ते 18 क्रमांकाची जाड सुई योजतात.

महाराष्ट्रात ऊतकांच्या सूक्ष्मदर्शीय परीक्षेवर कर्करोगाचे निदान उभे करण्याची परंपरा घडली ती मुख्यतः परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात. ते 1941 मध्ये उघडले आणि तेथील विकृतिविज्ञानाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. सातारा-सांगलीकडे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासूनचे, कऱ्हाडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय 1984 पासूनचे. बारीक सुईच्या परीक्षेला भूल लागत नाही, रुग्णास ठेवून घ्यावे लागत नाही, खर्च थोडा आणि उत्तर लवकर. त्यामुळे आपल्याकडील रुग्णालयांत ती लवकर सर्वसामान्य झाली. लोक तिला ‘सुईची तपासणी’ म्हणतात, आणि ऊतकाचा भाग कापून घेण्यास ‘तुकडा काढणे’. ‘आधी सुई लावली, मग तुकडा पाठवला’ या बोलीतल्या वाक्यात जो काळाचा क्रम आहे, नेमका तोच आपला विषय आहे. कारण सुई लावल्यानंतर पाठविलेला तुकडा हा सुई लागलेला तुकडा असतो.

सुई गाठीत शिरते, मागेपुढे काही वेळा हलते, बहुधा दट्ट्या ओढून तिच्यात निर्वात निर्माण केला जातो, आणि अर्ध्या-एक मिनिटात ती बाहेर येते. एवढ्यात आत काय होते? बहुतेक वेळा काहीच विशेष होत नाही. थोडे रक्त सांडते आणि शोषले जाते. जेथे काही होते तेथे ते एका क्रमाने होते. पहिल्या काही तासांत सुईच्या मार्गात ताजे रक्त असते. पुढील दोन-तीन दिवसांत श्वेत पेशींची गर्दी होते. त्यानंतर मृत द्रव्य गिळणाऱ्या भक्षक पेशी येतात, आणि जखम भरून येताना उगवणारे, नव्या केशवाहिन्यांनी व तंतुजनक पेशींनी भरलेले कोवळे ऊतक दिसू लागते. भक्षक पेशींनी गिळलेल्या रक्तातील लोह हीमोसिडेरिन नावाच्या तपकिरी रंगद्रव्याच्या रूपाने साठते. काही आठवड्यांनी कोवळ्या ऊतकाची जागा तंतुमय व्रण घेतो. अशा रीतीने सुईचा माग हा दिनांक घातलेला लेख असतो. ज्यास ती लिपी वाचता येते त्यास सुई चार दिवसांपूर्वी लागली की चार आठवड्यांपूर्वी, हे अजमासाने सांगता येते. हीमोसिडेरिन ओळखण्यासाठी माक्स पेर्ल्स यांची 1867 सालची निळ्या रंगाची रासायनिक कसोटी आजही प्रयोगशाळांत चालते. एवढ्या जुन्या कसोट्या अद्याप नित्याच्या वापरात असलेली शास्त्रे थोडी.

आतापर्यंत सांगितलेला प्रकार साध्या जखमेचा झाला. गंभीर प्रकार असा की सुईनंतर अर्बुदाचा मोठा भाग, क्वचित संपूर्ण अर्बुद, मरून जाते. यास इंग्रजीत ‘इन्फार्क्शन’ म्हणतात आणि मराठी वैद्यकीय लेखनात ‘अभिकोथ’ हा शब्द त्यासाठी योजलेला आढळतो. सुईने एखादी रक्तवाहिनी दुखावून तीत गुठळी होणे, किंवा आवरणाने बंदिस्त असलेल्या गाठीत रक्त साचून आतला दाब वाढणे व नीला दबून जाणे, ही त्याची संभाव्य कारणे सांगतात. रुग्णास सुईनंतर थोड्याच दिवसांत गाठ दुखू लागल्याचे, तिचा आकार वाढल्याचे जाणवते. पुढे ती आक्रसूही शकते.

लालाग्रंथींच्या अर्बुदांत हा प्रसंग सर्वांत अधिक ओढवतो तो वॉर्थिनच्या अर्बुदावर. या अर्बुदाचे वर्णन ओटो हिल्डेब्रान्ट यांनी 1895 मध्ये केले होते. परंतु मिशिगन विद्यापीठातील ॲल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन यांनी 1929 साली दोन रुग्णांच्या आधारे जे वर्णन दिले त्यावरून त्यांचेच नाव रूढ झाले. ‘ॲडिनोलिम्फोमा’ असेही त्याचे एक नाव होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 1972 सालच्या वर्गीकरणात तेच घेतलेले होते. हे नाव मागे पडले ते बरेच झाले. ‘लिम्फोमा’ हा शब्द अन्यत्र मारक रोगाचा वाचक असल्याने सौम्य अर्बुदाच्या नावात तो राहणे म्हणजे घराच्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी असण्यासारखे होते. हे अर्बुद प्रायः उतारवयात, धूम्रपान करणाऱ्यांस, जबड्याच्या कोनापाशी होते आणि कधीकधी दोन्ही बाजूंस आढळते. त्याची रचना पाहण्यासारखी असते. द्रवाने भरलेल्या पोकळ्या, त्यांत बोटांसारखे शिरलेले अंकुर, अंकुरांवर गुलाबी, दाणेदार पेशींचे दुपदरी अस्तर, आणि अस्तराखाली लसीका पेशींची दाट बैठक. या गुलाबी पेशी कणसूत्रांनी खच्चून भरलेल्या असतात. कणसूत्रे ही पेशीची भट्टी. भट्ट्या फार म्हणजे प्राणवायूची भूक फार. सबब रक्तपुरवठा थोडा जरी तुटला तरी याच पेशी आधी मरत असाव्यात, असा तर्क आहे. तो तर्कच आहे हे विसरता कामा नये, पण तो पटण्याजोगा आहे.

पेशी मेल्या तरी आकृती लगेच पुसली जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अंकुरांच्या छाया उरतात : केंद्रके नाहीत, रंग फिकट, परंतु बाह्यरेषा तीच. विकृतिविज्ञ त्यांस भुतांची उपमा देतात. जुन्या शिलालेखातील झिजलेले अक्षर तिरप्या उजेडात वाचावे, त्याप्रमाणे जालतंतूंचे रंजन केले म्हणजे मृत भागातही अंकुरांचा मूळ सांगाडा काळ्या रेषांनी उमटतो आणि हे वॉर्थिनचे अर्बुद होते हे सिद्ध होते. मृत भागाच्या कडेस जी जिवंत पेशींची किनार उरते, तिच्यात मात्र निराळाच व्यापार चालू असतो. तेथील पेशी आपले रूप टाकून त्वचेच्या पेशींसारखे चपटे, शल्की रूप घेतात. हे रूपांतर दुखापतीनंतरच्या दुरुस्तीचा भाग आहे. ते मारक नव्हे. परंतु दुरुस्तीच्या घाईत या पेशींची केंद्रके मोठी होतात, त्यांत विभाजनाची चित्रे दिसतात, आणि व्रणाच्या तंतूंत अडकलेली त्यांची बेटे ‘आत घुसत’ असल्यासारखी भासतात. मोठी केंद्रके, विभाजन, घुसखोरी : शल्की पेशींच्या कर्करोगाची लक्षणे म्हणून विद्यार्थ्यांस हीच शिकवलेली असतात. त्यातच काही ठिकाणी श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी मिसळल्या तर म्यूकोएपिडर्मॉइड नावाच्या लालाग्रंथीच्या कर्करोगाचेही सोंग पुरे होते. वॉर्थिनच्या अर्बुदांपैकी शेकडा 6 ते 8 या रूपांतरित जातीची असल्याचे सांगतात. इटलीतील दी पाल्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली या जातीचा सुईशी संबंध असण्याची शक्यता स्पष्टपणे मांडली. सुई न लागताही असा अभिकोथ होऊ शकतो, हेही नोंदविणे न्याय्य होईल. प्रत्येक छायेमागे सुईच आहे असे नाही.

आपल्या प्रदेशात ही चूक होण्यास एक जादा कारण आहे. तंबाखू, बिडी, मिसरी यांमुळे तोंडाचा शल्की कर्करोग महाराष्ट्रात नित्य पाहावा लागतो आणि तो मानेतील गाठींत पसरतो. साठीचा धूम्रपानी पुरुष, जबड्याखाली गाठ, काचपट्टीवर मृत द्रव्य आणि वेड्यावाकड्या शल्की पेशी, असे चित्र समोर आले म्हणजे परीक्षकाचे मन कर्करोगाकडे झुकणे स्वाभाविकच. परंतु हेच वय, हेच व्यसन आणि हेच स्थान वॉर्थिनच्या अर्बुदाचेही आहे. त्यात पहिली सुई अपुरी ठरल्यामुळे दुसरी सुई लावली असेल, तर दुसऱ्या सुईत येणाऱ्या शल्की पेशी पहिल्या सुईनेच निर्माण केलेल्या असू शकतात. साक्षीदारास पहिल्या उलटतपासणीत जे सुचविले गेले तेच त्याने दुसऱ्या वेळी आपणहून सांगावे, तसा हा प्रकार होय.

मग खरे आणि भासमान यांत भेद कसा करावयाचा? एकच लक्षण निर्णायक नाही. लक्षणांची संगती पाहावी लागते. परीक्षाजन्य बदल सुईच्या मार्गालगत किंवा मृत क्षेत्राच्या कडेस एकवटलेले असतात आणि दूर जावे तसे विरळ होतात. कर्करोगास असा भूगोल पाळण्याचे कारण नसते. त्यांच्या सोबतीस ताजे-जुने रक्त, हीमोसिडेरिन, फेसाळ भक्षक पेशी, कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांच्या फटी असतात. पेशींत विकृती असली तरी ती एका मर्यादेत राहते. आणि कोठेतरी मूळ अर्बुदाचा अवशेष सापडतो, म्हणून ऊतकाचे अधिक छेद घेऊन तो शोधावा लागतो. अलीकडे जनुकांचीही साक्ष काढता येते : म्यूकोएपिडर्मॉइड कर्करोगात एमएएमएल 2 या जनुकाची विशिष्ट मोडजोड पुष्कळदा सापडते. ती सापडली तर प्रश्न बहुधा मिटतो. न सापडली तर मात्र मिटतोच असे नाही, कारण त्या कर्करोगाच्या काही रुग्णांतही ती नसते.

बहुरूपी अर्बुदात अभिकोथ त्या मानाने क्वचित होतो, पण तेथे दुसरा घोटाळा संभवतो. सुईच्या दाबाने अर्बुदाच्या पेशींचे पुंजके आवरणाबाहेर किंवा रक्तवाहिनीच्या पोकळीत ढकलले जातात. आवरण भेदणे व रक्तवाहिनीत शिरणे या दोन गोष्टी मारकतेच्या खुणा मानल्या जात असल्याने, ढकललेल्या पेशी आणि शिरलेल्या पेशी यांतला भेद जीवनमरणाचा ठरतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे कर्तरी की कर्मणी एवढाच प्रश्न आहे : पेशी गेल्या, की नेल्या गेल्या? काचपट्टीवर क्रियापदाचे रूप दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो. त्यामुळे आसपास रक्त सांडल्याच्या खुणा आहेत काय, वाहिनीतील पुंजक्यावर अंतःस्तराचे आवरण चढले आहे काय, असे आनुषंगिक पुरावे पाहावे लागतात.

याच्या उलट बाजूचा धोकाही आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जाते असे प्रस्तुत लेखकास वाटते. अभिकोथाने सौम्य अर्बुद मारक भासते, तसेच मारक अर्बुद नाहीसेही होऊ शकते. गुच्छपेशींच्या कर्करोगासारखे संथ वाढणारे अर्बुद लहान असताना सुईनंतर मोठ्या अंशाने मरून गेले, तर शस्त्रक्रियेनंतर हाती येते ते मृत द्रव्य आणि व्रण. अशा वेळी कर्करोगाचा एकमेव पुरावा म्हणजे सुईने काढलेल्या पेशींची ती पहिली काचपट्टी. मूळ पोथी जळाली आणि तिची एक उतरवून घेतलेली प्रत तेवढी राहिली, असा हा प्रसंग. ती प्रत कोणी सांभाळली नसेल तर पुढे वाद घालण्यासही आधार उरत नाही.

लालाग्रंथींचा प्रश्न एकटा नाही. अवटु ग्रंथीत सुईनंतर होणाऱ्या अशाच बदलांचा संग्रह लिव्होल्सी आणि मेरिनो यांनी 1994 मध्ये केला आणि त्यास इंग्रजी आद्याक्षरांचे ‘व्हॅफ्ट’ असे आटोपशीर नाव दिले. त्याचा अर्थ ‘सूक्ष्म सुईनंतरचे चिंताजनक ऊतकीय बदल’ असा होतो. त्यातील ‘चिंताजनक’ हे विशेषण मार्मिक आहे. चिंता ऊतकास नसते, पाहणाऱ्यास असते. बदलाचे वर्णन करताना पाहणाऱ्याची मनःस्थिती शास्त्रीय संज्ञेत शिरल्याचे हे दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल. त्याही आधी, 1973 साली, एब्रम्स, मेलरोझ आणि हॉवेल यांनी टाळूच्या सूक्ष्म लालाग्रंथींतील एका विकाराचे वर्णन केले होते. रक्तपुरवठा तुटल्यामुळे तेथील ग्रंथी मरतात, उरलेल्या नलिकांचे शल्की रूपांतर होते, टाळूस खोल व्रण पडतो, आणि हुबेहूब कर्करोग भासतो. वस्तुतः तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. दंतवैद्याने भुलीसाठी टोचलेली सुईही त्यास निमित्त होऊ शकते. हा विकार ओळखीचा होण्यापूर्वी टाळूच्या शस्त्रक्रिया विनाकारण झाल्या. सुईनंतरच्या रूपांतराचे निदान करताना विकृतिविज्ञांस या जुन्या धड्याचा मोठाच उपयोग झाला, कारण यंत्रणा दोहोंकडे एकच आहे.

आता शब्दांविषयी थोडे. खंडाळ्याहून खंबाटकी घाट चढून उतरले की वाई फार दूर राहत नाही. आणि वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले, ज्याचा पहिला खंड 1976 साली निघाला. ‘लाला ग्रंथी’, ‘जीवोतक परीक्षा’ या संज्ञा विश्वकोशाने मराठी वाचकापुढे ठेवल्या. ‘बायॉप्सी’ हा शब्द फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिए यांनी 1879 मध्ये ग्रीक धातूंवरून घडविला. त्याचा अर्थ ‘जिवंताचे दर्शन’. त्या मानाने ‘जीवोतक परीक्षा’ अधिक काटेकोर आहे, कारण काय पाहावयाचे तेही ती सांगते. फक्त ती डॉक्टरांच्या किंवा रुग्णांच्या तोंडी बसली नाही. ‘इन्फार्क्शन’ची कथा निराळी. त्याचा मूळ लॅटिन अर्थ ‘ठासून भरणे’ असा आहे. रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग पुष्कळदा सांडलेल्या रक्ताने फुगलेला दिसे, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे रोगाचे कारण रिकामेपणा आणि नाव भरलेपणाचे. मराठी ‘अभिकोथ’ने ही विसंगती टाळली, परंतु ‘कोथ’ म्हटले की सडणे मनात येते, आणि येथे सडणे नसते. ‘अर्बुद’ ही संज्ञा मात्र निःसंशय आपली. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा एकत्र विचार आहे आणि अर्बुद पिकत नाही हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण तेथे दिलेले आहे. सुई लागून आतून मेलेले, सुजलेले, दुखणारे अर्बुद हे पिकल्यासारखे दिसते, हा योगायोग त्या लक्षणापुढे ठेवून पाहण्यासारखा आहे. उरतो तो मुख्य प्रश्न : सुईने घडलेल्या या बदलांस सामान्यनाम कोणते द्यावयाचे? ‘आभासी मारकता’ म्हटले तर ‘मारकता’ हाच शब्द अहवालातून रुग्णाच्या कानी पडेल व ‘आभासी’ गळून जाईल. ‘परीक्षाजन्य ऊतकहानी’ लांबट खरे, परंतु कारण आणि कार्य दोन्ही सांगते; म्हणून शीर्षकात तेच घेतले आहे.

‘गाठीला सुई लावू नये, सुई लावली की ती पसरते’ ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि वर लिहिलेले वाचून तिला बळ मिळू नये. पेशी सुईच्या मार्गाने पसरतात काय, याची चौकशी स्वीडनमध्ये एंगझेल व सहकाऱ्यांनी 1971 साली प्रसिद्ध केली. सुई लावलेल्या बहुरूपी अर्बुदाच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करूनही तसे पसरणे त्यांना आढळले नाही. बारीक सुईने असा प्रसार होणे अत्यंत विरळ, हेच मत आजवर टिकून आहे. सुई न लावता सरसकट गाठ काढावयाची म्हटले तर ज्यांस शस्त्रक्रियेची गरज नाही त्यांवर ती होईल, आणि ज्यांस मोठ्या शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांवर अपुरी होईल. बहुरूपी अर्बुद नुसते खरवडून काढल्यास किंवा त्याचे आवरण फाटल्यास ते वर्षानुवर्षांनी अनेक गाठींच्या रूपाने परत येते. सुईच्या ओरखड्यापेक्षा ती हानी कितीतरी मोठी. सुईच्या पेशींचे अहवाल सर्वत्र एकाच भाषेत लिहिले जावेत म्हणून 2018 मध्ये ‘मिलान पद्धती’ प्रसिद्ध झाली. तीत ‘निदानास अपुरे’ आणि ‘अर्थ अनिश्चित’ यांसही मानाची स्वतंत्र घरे आहेत. अनिश्चिततेस घर दिले म्हणजे ती निश्चिततेच्या घरात घुसत नाही, हे कोशकारांसही कळण्यासारखे आहे.

व्यवहारात या सगळ्याची मदार एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर येऊन ठेपते. ऊतक तपासणाऱ्या विकृतिविज्ञास रुग्ण दिसत नाही. त्यास बरणीतला तुकडा दिसतो आणि सोबतचा कागद दिसतो. त्या कागदावर ‘सुई लावली होती’ एवढे तीन शब्द, ती कोणत्या दिवशी, किती वेळा आणि कोणत्या जाडीची लावली, आणि तेव्हाचा अहवाल काय होता, हे लिहिलेले असेल तर छाया कशाची हे त्यास बहुधा ओळखता येते. ते लिहिलेले नसेल तर त्यास सुईचा माग आणि रोगाचा माग यांतला भेद केवळ आकृतीवरून करावा लागतो. खंडाळ्याकडच्या रुग्णाच्या बाबतीत ही साखळी तुटण्याचे प्रसंग सहज संभवतात, कारण त्याची सुई साताऱ्यास लागते, शस्त्रक्रिया पुण्यास किंवा कऱ्हाडास होते, आणि मधल्या दोन महिन्यांत कागद घरच्या पेटीत राहतात. अहवालाचा कागद हरवला तरी पेशी घेतलेली मूळ काचपट्टी त्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेली असते आणि ती मागून घेता येते. कागद हा दुसऱ्याने केलेला अर्थ. काचपट्टी ही संहिता. शस्त्रक्रियेच्या गावी नेताना रुग्णाच्या नातलगांनी दोन्ही न्यावीत, आणि एकच नेणे शक्य असेल तर काचपट्टी न्यावी.